टॉवेलाखालची बेरीज

तो सौदा मीच ठरवला होता, हे आधी सांगून टाकतो. म्हणजे नंतर कुणी ते माझ्या तोंडावर फेकायला नको.

जळगावच्या औद्योगिक वसाहतीत एक डाळमिल आहे. तिथली खरेदी मी बावीस वर्षं बघतोय. त्याआधी धुळ्याच्या मार्केट यार्डात तोलाईला होतो, आणि त्याच्याही आधी साक्रीकडच्या आमच्या गावात वडिलांबरोबर दुसऱ्याच्या शेतावर. शिक्षण बारावी, तीही दुसऱ्या खेपेला. पण हरभऱ्याच्या पोत्यातून मूठभर दाणे घेतले आणि एक दाणा दाढेखाली फोडला, की ओल किती, डाळ किती पडेल आणि समोरचा माणूस किती खोटं बोलतोय, हे तिन्ही मला कळतं. मोठ्या शेठजींनी मला ठेवलं ते याच जोरावर. त्यांचं घराणं मूळचं राजस्थानचं, तीन पिढ्यांपासून इथलं. दरावरून ते माझ्याशी कधी वाद घालत नाहीत, कारण माझा आवाज चढला की शेजारच्या दोन मिलमधले हमाल काम सोडून बघायला येतात.

मग धाकटे शेठ पुण्याहून शिकून आले आणि त्यांनी मिलमध्ये नवी सिस्टिम बसवली. माल कोणाकडून आला, कधी आला, कोणत्या दराने, किती ओलीचा, हे सगळं तिच्यात भरायचं. मग पुढची खरेदी कधी आणि किती करायची, ते ती सांगणार. हे चालवायला एक प्रमुख नेमायचा होता. खरेदी आणि सिस्टिम, दोन्हींचा मिळून एकच. त्याला काचेची केबिन, आणि दराबाबत शेवटचा शब्द त्याचा.

केबिनचं मला काही नव्हतं. पण शेवटचा शब्द बावीस वर्षं माझा होता. यार्डातून फोन लावून कुणा दुसऱ्याला ‘घेऊ का?’ म्हणून विचारायचं, हे माझ्याच्यानं होणार नव्हतं.

धाकटे शेठ म्हणाले, “भाऊ, तुम्हाला डावलायचं नाहीये. पण मोठ्या कंपन्यांना माल द्यायचा म्हटलं की त्यांची माणसं येऊन विचारतात, सिस्टिमवर कोण बसतं, त्याचं शिक्षण काय. तुम्ही ऑनलाइन कोर्स करा ना. मॅनेजमेंट इन्फर्मेशन सिस्टिम्सचा. बारावीवर प्रवेश मिळतो. जूनअखेरपर्यंत सर्टिफिकेट आणा, खुर्ची तुमची.”

इथे ‘बरं’ म्हणून उठायचं होतं. पण समोरच्याने काहीही देऊ केलं की ते उलटंपालटं करून बघितल्याशिवाय मला राहवत नाही. जूनअखेर फार लांब. तोवर हे चार जणांच्या मुलाखती घेणार, त्यातला एक इंग्रजी बोलणारा यांना आवडणार, आणि माझं सर्टिफिकेट येईपर्यंत खुर्ची गरम झालेली असणार. म्हणून मी म्हणालो, “जून कशाला? आखाजीपर्यंत द्या. पण तोवर बाहेरचा एकही माणूस बोलवायचा नाही. मी कागद आणला तर मी. नाही आणला तर तुम्हाला पाहिजे त्याला बसवा, मी तोंड उघडणार नाही.”

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या खानदेशात सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतगड्याचं, साल त्या दिवशी संपतं आणि नवीन साल त्याच दिवशी ठरतं. माझे वडील सालदार होते. मुदत म्हटली की माझ्या तोंडून दुसरा दिवस निघतच नाही.

धाकटे शेठ जरा हसले. मोठे शेठजी गादीवर बसले होते. त्यांच्यासमोर आम्ही हातावर हात मारला. दोन महिने मी आपणहून सोडून दिले होते, आणि जिना उतरताना मला वाटत होतं की आज चांगला सौदा झाला.

प्रवेशाच्या आधी त्या संस्थेची एक मुलगी मला दिवसातून तीनदा फोन करायची. फार गोड बोलायची. मी फी पाडून मागितली तर तिने अर्ध्या मिनिटात पाडली. ज्या दुकानात दर इतक्या लवकर उतरतो तिथला माल दोनदा बघून घ्यावा, हे मी दुसऱ्यांना शिकवत आलो. तिथे मात्र मी मिशीतल्या मिशीत हसलो आणि पैसे भरले. त्या दिवसापासून तिचा फोन बंद झाला तो झालाच.

अभ्यास मी जेवणाच्या सुट्टीत करायचो, वजनकाट्याच्या खोलीत, कारण तिथे नेट चांगलं येतं. काट्यावरचा माणूस माझ्याच वयाचा, शिंदखेड्याकडचा. मी कानात वायरी घालून बसलो की तो डबा खाता खाता सुरू व्हायचा.

“काय भाऊ, आते कॉम्प्युटरसंगे बी घासाघीस करशात का?”

“तू तुझं वजन बघ.”

“वजन बराबर शे. तुमनंच कमी व्हई राहिनं, आठ दिनपासून डबा तसाच परत जास.”

पहिला महिना मला काहीच समजलं नाही. शिकवणारा पडद्यावर बोलायचा, छान बोलायचा, पण थांबवून ‘हे परत सांगा’ म्हणायची सोय नव्हती. एकदा मी खरंच पडद्याला म्हणालो, “अहो साहेब, जरा हळू.” काट्यावरचा माणूस डब्यात तोंड घालून हसला. शब्द इंग्रजी, आणि प्रत्येक शब्द चार अक्षरांत आखडलेला. मी वही केली. डावीकडे त्यांचा शब्द, उजवीकडे आमचा. ‘सप्लाय चेन’समोर लिहिलं: बांधावरून गिरणीपर्यंत. ‘लीड टाइम’समोर लिहिलं: फोन केल्यापासून ट्रक दारात येईपर्यंत.

आणि मग, खोटं कशाला सांगू, मला ते आवडायला लागलं. एका धड्यात होतं की नुसता आकडा वेगळा आणि माहिती वेगळी. मी बसल्या जागी मांडीवर थाप मारली. अरे, हे तर मी रोज करतो! दोंडाईच्याचा एखादा व्यापारी फोनवर दर सांगतो, तो झाला आकडा. पण तोच दर त्याने सकाळी सातला फोन करून सांगितला, तर त्याच्या गोदामात माल पडून आहे आणि त्याला घाई आहे, ही झाली माहिती. गृहपाठात मी हेच उदाहरण मोडक्या इंग्रजीत लिहिलं. तपासणाऱ्याने बाजूला दोन शब्द लिहिले होते, छान निरीक्षण. ते मी बायकोला दाखवलं. ती वाचून म्हणाली, “आते पेपर तपासणारासारखं मन्हा सयपाकवर बी असं लिखत जा.” पण तिने तो फोन हातात धरून पुन्हा एकदा बघितलाच.

परीक्षा आखाजीच्या दोन आठवडे आधीच्या रविवारी होती, सकाळी अकराला, घरी बसूनच. खोलीत एकटं बसायचं. दार बंद. मोबाइल बाहेर. आधी कॅमेरा फिरवून चारी भिंती दाखवायच्या, मग तो दोन तास तुमच्या तोंडावर. पलीकडे माणूस नसतो, यंत्रच बघत असतं. आवाज अजिबात नको. आदल्या दिवशीच्या सराव परीक्षेत माझ्या कूलरच्या आवाजावरून त्याने दोनदा तक्रार केली होती, म्हणून कूलर बंद केला. एप्रिल निम्मा झालेला, जळगावचं ऊन, वर स्लॅब. बायकोने टॉवेल भिजवून, पिळून आणून दिला. म्हणाली, “मांडीवर टाका, थंड लागंल.” आणि बाहेरून दार लोटून शेजारी जाऊन बसली.

प्रश्न सोपे होते. मी घमंडीने म्हणत नाही, खरंच सोपे होते. निम्म्याहून जास्त सोडवून झाल्यावर गणितं आली. रोज इतकी पोती लागतात, माल यायला इतके दिवस लागतात, इतका साठा हाताशी ठेवायचा, तर नवीन मागणी कधी टाकाल? हे मला झोपेत विचारा. मी पडद्यावरचे आकडे वाचले, मान खाली घातली, आणि हात टॉवेलाखाली गेले.

हात का गेले ते सांगायला हवं. धुळ्याच्या यार्डात मी लागलो तेव्हा जुने अडते रुमालाखाली दर ठरवायचे. घेणारा आणि देणारा रुमालाखाली एकमेकांचा हात धरणार, बोटं दाबून आकडा सांगणार, तोंडाने फक्त ‘हे शेकडे’ किंवा ‘हे सुटे’ एवढंच. भोवती वीस माणसं उभी असली तरी दोघांशिवाय कुणाला कळत नाही. बैलबाजारात अजूनही काही म्हातारे तसंच करतात. मी तो हिशोब एका आबांकडून शिकलो. पुढे माझं असं झालं की एकटा असलो तरी मोठा गुणाकार मी डाव्या हाताने उजव्या हाताला सांगतो. बोटांच्या बुडाशी शेकडे, पेरांवर दशक, टोकांवर सुटे. आणि वर कापड असलं की हिशोब चुकत नाही. उघड्यावर बोटं नाचवायची मला लाज वाटते, यार्डात तसं करणाऱ्याला कच्चा म्हणतात.

मध्ये पडद्यावर वरच्या बाजूला पिवळी पट्टी येऊन गेली. तीन-चारदा आली. नेट हललं की सरावाच्या वेळीही पिवळीच पट्टी यायची. मी ती वाचली नाही. गणितं सगळी सोडवली, वेळेआधी पंधरा मिनिटं उठलो, आणि दार उघडून बायकोला हाक मारली, “अगं, झालं! कूलर लाव!”

चौथ्या दिवशी मेल आला. निकाल राखून ठेवला आहे. कारण: हात वारंवार दिसेनासे होणे, नजर वारंवार खाली जाणे, मांडीवर वस्तू असणे, ओठ हलणे. सोबत नऊ फोटो. प्रत्येकात मी. मान खाली, तोंड अर्धवट उघडं, टॉवेलाखाली दोन्ही हात, आणि टॉवेल मधोमध वर आलेला. काय सांगू, ते फोटो बघून मलासुद्धा वाटलं, हा माणूस कॉपी करतोय.

बायकोने चष्मा लावून एकेक फोटो बघितला. “आग लागो त्या टॉवेलले,” म्हणाली. “मीच दिधा.”

त्यानंतरचे चार दिवस मी ज्याच्याशी भांडायचं तो माणूस शोधत होतो. मदतीच्या खिडकीत लिहिलं की लगेच उत्तर यायचं, ‘तुमची अडचण आम्ही समजू शकतो.’ मी लिहिलं, काय समजलं ते सांगा. उत्तर आलं, ‘तुमची अडचण आम्ही समजू शकतो.’ मी त्याला मराठीत शिव्या लिहिल्या. त्याने विचारलं, आमच्या सेवेला किती तारे द्याल? त्या गोड बोलणाऱ्या मुलीच्या जुन्या नंबरवर वीसदा फोन केला तेव्हा एकदा तिने उचलला. “सर, मी ॲडमिशनला आहे, परीक्षा विभाग वेगळा असतो.” मी ओरडलो, “तुमच्या दुकानात माल विकणारा आणि परत घेणारा कधी भेटतात की नाही?” ती म्हणाली, “सर, प्लीज आवाज खाली.” आणि मी आवाज खाली केला. आयुष्यात मी इतक्या पटकन आवाज कधी खाली केला नव्हता. पण ती फोन ठेवेल आणि मग कुणीच उरणार नाही, याची मला भीती वाटली.

तिनेच शेवटी सुनावणीची वेळ मिळवून दिली. दहा मिनिटं, व्हिडिओवर. काट्यावरच्या माणसाने दोन ट्रक बाहेर उभे करून मला खोली मोकळी करून दिली. पडद्यावर एक बाई आणि एक साहेब आले. खरी माणसं. मला इतका आनंद झाला की मी हात जोडले.

मी सगळं सांगितलं, हिंदीत. बाईंनी लक्ष देऊन ऐकलं. म्हणाल्या, “म्हणजे तुमचा एक हात दुसऱ्या हाताला सांगतो?”

“हो मॅडम. आत्ता करून दाखवू? कोणताही गुणाकार सांगा.”

त्यांनी एक मोठा गुणाकार सांगितला. मी खिशातला रुमाल हातांवर टाकला आणि उत्तर दिलं. बाईंनी कागदावर करून बघितलं आणि हसल्या. “बरोबर आहे.”

साहेब हसले नाहीत. ते वाईट माणूस नव्हते, त्यांच्यासमोर नियमांचा कागद होता एवढंच. म्हणाले, “आज बरोबर आलं. पण त्या दिवशी कापडाखाली काय होतं, हे आज कसं ठरवणार? या पद्धतीबद्दल तुमच्याकडे काही लेखी पुरावा आहे का? बाजार समितीचं पत्र वगैरे?”

मी म्हणालो, “साहेब, कुणाला कळू नये, कुठे लिहिलं जाऊ नये, म्हणून तर रुमाल घेतात. त्याचा पुरावा कुठून आणू?”

बोलून झाल्यावर माझं मलाच ऐकू आलं. साहेबांनी मान हलवली आणि काहीतरी लिहून घेतलं.

निर्णय दोन दिवसांनी आला. मी कॉपी केल्याचं सिद्ध होत नाही. मी कॉपी केली नाही, असंही म्हणता येत नाही. सबब परीक्षा रद्द, आणि फी न घेता पुढच्या फेरीत पुन्हा बसण्याची परवानगी. पुढची फेरी आखाजीनंतर अठरा दिवसांनी होती.

माझं खरं दुखणं तिथे आहे, आणि आजही ते बरं झालेलं नाही. चोर म्हटलं असतं तर मी भांडलो असतो. निर्दोष म्हटलं असतं तर तो कागद घेऊन शेठकडे गेलो असतो. त्यांनी मला मध्येच टांगलं. मिलमध्ये तर निकाल अडकल्याचं मेल आल्याच्या दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. एका दलालाने यार्डात चार जणांसमोर विचारलं, “का भाऊ, या वयात चिठ्ठ्या कोण पुरवत होतं?” मी त्याची कॉलर धरली. लोकांनी सोडवलं. कॉलर धरणारा खरा वाटत नाही, हे मला घरी आल्यावर सुचलं.

आखाजीच्या आदल्या दिवशी मी शेठजींच्या गादीसमोर उभा राहिलो. अठरा दिवस मागायचे होते. अठरा दिवस! ज्याने साठ दिवस फुकट सोडले, त्याने.

धाकटे शेठ शांतपणे म्हणाले, “भाऊ, मी कोणता महिना सांगितला होता?”

“जून.”

“आखाजी कोण म्हणालं?”

“मी.”

मोठे शेठजी माळ ओढत होते, ते थांबले. “बेटा, पंधरा-वीस दिवसांचं काय असतं. दे.”

“बाबूजी, मी यांच्या शब्दावर एकही मुलाखत घेतली नाही. मार्चमध्ये दोन चांगली माणसं चालून आली होती, त्यांना नाही म्हटलं. आता कंपनीची माणसं सोमवारी यायची आहेत. खुर्चीवर कुणाला दाखवू?” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “तुम्ही सांगा भाऊ. माझ्या जागी तुम्ही असता, आणि तुमच्यासमोर एखादा व्यापारी उभा असता, तर?”

मी अशा किती जणांना दारातून परत पाठवलं आहे. एकाची तर सून दवाखान्यात होती, तो माल दोन दिवस उशिरा पाठवतो म्हणत होता. मी म्हटलं होतं, शब्द म्हणजे शब्द. तोंड उघडणार नाही, हेही मीच त्या सौद्यात घातलं होतं.

मोठे शेठजी पुन्हा माळ ओढायला लागले. मी जिना उतरलो.

अठरा दिवसांनी मी पुन्हा परीक्षा दिली. कशासाठी, ते मला सांगता येणार नाही. बायकोने घरातले सगळे टॉवेल उचलून नेले. दोन्ही हात टेबलावर, बोटं पसरून, पोलिसांनी सांगितल्यासारखे ठेवले. गणितं मला सोडवता आली नाहीत. आकडे बोटांपर्यंत यायचे आणि उघड्यावर विरून जायचे. बाकीच्या प्रश्नांवर पास झालो. सर्टिफिकेट मेलवर आलं, त्यावर माझं नाव बरोबर लिहिलेलं आहे.

केबिनमध्ये आता शिरपूरची एक मुलगी बसते. तिकडेच शिकलेली, हुशार, बोलायला नम्र. मला काका म्हणते, मी गेलो की उठून खुर्ची देते. ती उर्मट असती तर बरं झालं असतं. पहिल्याच आठवड्यात तिने मला बसवून घेतलं आणि म्हणाली, “काका, आपल्या सगळ्या व्यापाऱ्यांची विश्वासार्हता भरायची आहे. एक ते पाच. तुमच्याइतकं कुणालाच माहीत नाही.”

मी एकेक नाव सांगत गेलो. काहींचे आकडे लगेच सांगता आले. मग नरडाण्याच्या एका व्यापाऱ्याचं नाव आलं. एका वर्षी त्याने ट्रक निघाल्यावर स्वतःहून फोन केला होता, की भाऊ, खालची पोती भिजलीत, माझ्या आत्ता लक्षात आलं, उतरवू नका, परत पाठवा. भाडं त्याच्या अंगावर पडलं. आणि दुसऱ्याच वर्षी, मुलीच्या लग्नाच्या घाईत, त्यानेच मला खडे मिसळलेली तूर घातली. मी जाऊन त्याला त्याच्या दारात शिव्या दिल्या, तो मान खाली घालून ऐकत राहिला, आणि नंतर त्याने मला जेवायला बसवलं. तेव्हापासून मी त्याचा माल दरवर्षी घेतो. आणि दरवर्षी प्रत्येक पोतं उघडून घेतो.

“किती देऊ, काका?”

हे तिला सांगावं असं मला वाटलं. ती ऐकूनही घेईल असं वाटलं. पण तिच्या पडद्यावर त्या नावापुढे एक बारीक चौकोन होता, त्यात एकच आकडा मावत होता, आणि खाली अजून साठ-सत्तर नावं होती.

“तीन लिही,” मी म्हणालो.

तिने तीन टाकला. “पुढचे?”

मी पुढचं नाव सांगितलं.